हिराची पात

प्रिय हिरे,

तुला वाचता येत नव्हतं, आणि मी पाटी घेऊन बसले की तू पळायचीस. तरी लिहितेय, कारण आज दुपारी भातखाचरात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. उद्या बांधावर वाचून दाखवेन. निदान तेव्हा तरी पळू नकोस.

आई गेल्यावर मी मामाकडे वडिवळ्याला आले, तेव्हा सगळ्या मला 'तळेगावची' म्हणायच्या. नावाने हाक मारलीस ती तू एकटीने. भातलावणीला वाकलेल्या बायकांत प्रत्येकीची लावायची आपली पट्टी, आपली पात असते. तुझ्या शेजारची तू मला दिलीस. मी रोपं खोल खुपसायचे. "पुरतीस काय गं त्यास्नी? बोटभरच रोव," म्हणालीस. तू डावखुरी, तुझी रोपं डावीकडे कलायची. माणूस न बघता पात ओळखावी!

चैत्रात तुला ताप आला. "सुमीला पाठवा," असा निरोप धाडलास. साथीचा ताप म्हणून मामीने उंबरा ओलांडू दिला नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. खरं सांगू? मला भीती वाटली. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. आणखी थोडी थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

यंदा लावणीला तुझ्या आईने, काशीमावशीने, तुझी पात मोकळी सोडायला लावली. ती रिकामी चिखलाची पट्टी मला बघवेना. सगळ्या भाकरीला बसल्या की मी लवकर उठून डाव्या हाताने ती लावू लागले. डोक्यावर इरलं, वरून पाऊस. कोण उठलं, कुणाला दिसतंय?

बायकांनी कललेली रोपं पाहिली आणि गावभर झालं, हिरा येते. मावशी रोज तुझ्यासाठी बांधावर भाकर ठेवू लागली. बाकीच्या मात्र भ्याल्या. भगताला बोलावून बांधावरच्या आंब्याला खिळा ठोकायचं ठरलं, म्हणजे तू पुन्हा शिवारात पाय टाकायची नाहीस.

मग काल मी सगळ्यांसमोर कबूल केलं. मला परत धाडतील असं वाटलं होतं, आणि तळेगावात आता माझं कुणी नाही. मामीने थोबाडीत दिली, भगताचं रद्द झालं, एवढ्यावर भागलं. पण मावशीने विचारलं, "मंजी माजी हिरा येतच नव्हती व्हय गं?"

आज तिने मला आंब्याखाली, सगळ्यांपासून लांब, आपल्याजवळ बसवलं. "आज न्हाई जायाचं," म्हणाली, आणि माझा डावा हात मांडीवर घट्ट धरला. सगळ्यांची भाकरी खाऊन होईपर्यंत सोडला नाही.

परतलो तर तुझी पात लावलेली होती. बोटभर खोल, डावीकडे कललेली.

"परत लावलीस व्हय गं सुमे?" लावणीतली रखमाबाई खेकसली.

मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"व्हय, मीच लावली," मी म्हणाले.

फडक्यातली उरलेली अर्धी भाकर काढून मावशीने बांधावर ठेवली.

हिरे, मला अजून भीती वाटते. पण या वेळी मी उंबऱ्याआड राहणार नाही. कुणी कितीदा विचारलं तरी मीच लावली म्हणेन, मार मी खाईन. तू येत जा.

तुझ्या शेजारच्या पातीवरची,
सुमी