गोळी लागलेली नाही

बकुळा,

जिन्यात सुंदराबाई रडत सांगतील की आपल्या गुणवंतीला गोळी लागली. तसं नाही. मी त्यांना 'गोळी बाधली' म्हणालो. पण लालबागला सध्या गोळी म्हटलं की पोलिसांचीच ऐकू येते.

इंटरच्या अभ्यासासाठी डॉक्टरांनी दिलेली, झोप घालवायची ती गोळी. "मुलीला आजार काहीच नाही," असं ते तेव्हाच म्हणाले होते. "नसू दे, पण फर्स्ट क्लास हवा," असं आपण म्हणालो. पोलिसांची गोळी निदान मागून घ्यावी लागत नाही.

पोरगी कित्येक रात्री झोपलेली नाही. आज मला म्हणाली, "बाबा, भिंतीतल्या मास्तरांना गप्प करा ना." मग छाती इतकी धडधडायला लागली की तिला उभं राहवेना. परळच्या इस्पितळात नेतोय. टॅक्सी खाली उभी आहे, डॉक्टर तिच्याजवळ बसलेत.

नाक्यावर मोर्चा आहे, तू चिंचपोकळीकडून ये. ती पुस्तकं मागेल, आणू नकोस. तिची उशी आण. डॉक्टर म्हणाले, "झोपली तर वाचेल."

आपल्या घरात 'वाचेल' हा शब्द पुस्तकाशिवाय पहिल्यांदाच आला.