डाव्या कानाचं यंत्र

प्रिय क्विरिन,

काल बिअरच्या जत्रेत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे मी बसले होते आणि तू मला ओळखलं नाहीस, म्हणून हे लिहावं लागतंय. मी तुला चालीवरूनच ओळखलं होतं.

कॅनडाहून स्वतःच्याच म्युनिकमध्ये पर्यटक म्हणून आलास आणि बँडचा गोंगाट सोसेना म्हणून काढलेलं श्रवणयंत्र तंबूतल्या बाकावर विसरलास. वेंधळेपणा गेला नाही तुझा. नाव विचारलं, तर म्हणालास, "मोठ्याने बोला बाई, माझा कान तुमच्याच कपाटात आहे!"

यंत्र माझ्या मुठीत होतं. तुला ऐकू येत नव्हतं, म्हणूनच मला बोलता आलं.

"क्विरिन, एकेचाळीस वर्षांपूर्वी तुझ्याबरोबर कॅनडाला यायला नाही म्हणाले, ते प्रेम नव्हतं म्हणून नव्हे. परक्या देशाची भीती वाटली."

"काय म्हणालात?"

"इथे सही करा, म्हटलं."

सही करून तू यंत्र कानात घातलंस, खिडकीवर कोपर टेकलंस आणि हसून म्हणालास, "हं, आता बोला."

मी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

तुझी,
वाल्बुर्गा

दिलेली वस्तू: श्रवणयंत्र, डाव्या कानाचं, एक. पुसून, नवी बॅटरी घालून.