बसण्याचा पगार

दोहा, नोव्हेंबर १९८१

प्रिय सत्यभामा,

या वेळी बोलून भरलेली कॅसेट पाठवली नाही. ती सगळ्या घरासमोर वाजते, आणि हे तुझ्यापुरतंच आहे.

तुझ्या भावाने, रंगनाथने, मला इथं आणलं, हे मी विसरलेलो नाही. कंपनीच्या कामगार-कॅम्पचा सुपरवायझर झाल्यावर त्याने पहिला व्हिसा माझ्यासाठी मिळवला. पण ऐक. सकाळी मी कंपनीच्या साहेबांना गाडीने उम्म सईदच्या बंदरावर नेतो, दुपार उलटली की परत आणतो. तिथं माझी ड्यूटी संपते, करारात तसं लिहिलंय. मग साहेब बिन महमूद वस्तीत मित्राकडे पत्ते खेळायला जातात आणि मी खाली गाडीत बसतो. झोपता येत नाही, कुठं जाता येत नाही. हाक आली की गाडी दारात लागली पाहिजे. जादा तासांना जादा पगार, असा इथलाही कायदा आहे. तो मी मागितला.

रंगनाथ सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाला, "दाजी, एसी लावून बसायचे पैसे? मग घोरायचे पण मागा की." सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "बसणं काम नसेल तर मी खोलीवर बसतो. तिथं चहा तरी मिळतो." त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि चालत कॅम्पवर आलो. साहेब टॅक्सीने गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग दोघा मलबारी ड्रायव्हरांनी आपापल्या किल्ल्या माझ्या किल्लीशेजारी ठेवल्या. तेव्हा हसणं थांबलं.

मी कामगार खात्यात तक्रार दिली आहे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. रंगनाथ आता हळू आवाजात बोलतो. तक्रार मागे घ्या, नाहीतर खलास, विमानात बसवतील, आणि तुम्हाला आणलं म्हणून माझीही नोकरी जाईल, म्हणतो. कदाचित जाईल. त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या संध्याकाळी माझ्या होत्या. कंपनीने वापरल्या, तर दाम द्यावा.

पुढच्या आठवड्यात तो रजेवर येतोय. त्याने तुला साडी घेतली आहे. जेवेल, पोरांशी खेळेल, मग म्हणेल, दाजींना चार ओळी लिही, तुझं ते ऐकतात. खोटं नाही ते. साहेबाला मी नाही म्हणालो, त्यालाही म्हणालो. तुला म्हणता येणार नाही. तू लिहिलंस तर त्याच दिवशी तक्रार मागे घेईन, आणि पुन्हा त्या गाडीत जाऊन बसेन. म्हणून त्याच्या आधी पोचावं असं हे पत्र टपालात न टाकता उद्या निघणाऱ्या माणसाबरोबर देतोय. साडी घे. भावाला पोटभर वाढ. त्या चार ओळी मात्र लिहू नकोस.

तुझाच, आणि काढेपर्यंत इथलाच,
निवृत्ती