नखावरचे तूप

आई,

धाकटी सांगते ते खरे नाही. भाच्याच्या वास्तुशांतीला पंगत उठल्यावर तिने सगळ्या पाहुण्यांदेखत सांगितले, की गावी खाप्याला असताना पोळ्याच्या दिवशी आपल्या कुत्र्याचे नख बैलाच्या खुराखाली येऊन तुटले, तू त्यावर तूप-हळद लावलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणाऱ्या पोरांपुढे उड्या मारीत होता. यातले तूप-हळद तेवढे खरे. बाकी सर्व चूक. धाकटी त्या वेळी पाळण्यात होती. तिला जे आठवते ते ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्ट साठ वर्षांत तुपासारखीच पसरते. एरवी मी तेथल्या तेथे दुरुस्ती केली असती, पण त्या दिवशी मला घरी परतण्याची घाई होती. घरी कुत्रा होता आणि त्याचेही नख तुटलेले होते.

हा कुत्रा तुला माहीत नाही. तुझ्या सुनेने तो पिल्लू असताना आणला, आणि ती गेल्यापासून धरमपेठेच्या घरात आम्ही दोघेच राहतो. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे त्याचे नख दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यात अडकले. त्याने हिसका दिला आणि ते मुळापाशी मोडून लोंबू लागले. तुझा नातू पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्यानं आता वाकवत नाही. पट्टी कोण बदलणार? मी पाडव्याला येतो. जखम चिघळलेली दिसली तर त्याला सावनेरच्या शेतावर नेऊन ठेवू, तिथं माणसं आहेत." त्याचे म्हणणे अवाजवी नव्हते, म्हणूनच ते मला लागले. माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा जीव या घरात एवढाच उरला आहे.

धाकटीने फोनवर लगेच उपाय सांगितला. "दादा, तूप-हळद लाव ना! आईनं नव्हती लावली?"

"लावली होती," मी म्हणालो, "म्हणूनच लावणार नाही."

"तू काहून असा अडून राहतो रे प्रत्येक गोष्टीत?"

खरी हकीकत तुला ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहितो. तो पोळ्याचा आदला दिवस. ओसरीवर सरकीची पोती रचलेली होती आणि एका पोत्याच्या सुतळीत कुत्र्याचे नख गुंतले. बैल तेव्हा नदीवर धुवायला गेले होते. त्यांचा काही संबंध नाही. संध्याकाळी तू रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे शेकायला बसलीस. कढत तुपात हळद कालवलेली, हातात पळसाचे पान, आणि प्रत्येक बैलाच्या कानाशी दरवर्षीचे तेच आमंत्रण: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग वाटीत उरलेले तूप घेऊन तू कुत्र्यापाशी आलीस. राबणाऱ्या जनावराचा खांदा ज्याने बरा होतो त्याने राखणाऱ्याचा पाय का बरा होऊ नये, असा तुझा विचार असणार. तू त्याच्याही कानाशी वाकून म्हणालीस, "आज आवतन घ्या."

त्याने आवतन घेतले. रात्रभर तो ते तूप चाटत होता. तूप संपल्यावर तुपाचा वास चाटत होता, आणि वास गेल्यावर जखम. पोळ्याच्या सकाळी पंजा सुजून दुप्पट झाला होता. बैलाला आपला खांदा चाटता येत नाही, कुत्र्याला पाय चाटता येतो, एवढा फरक आपल्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. तू कपाळावर हात मारून घेतलास आणि पुढच्याच क्षणी हसू लागलीस. "पाह्य माय! उद्याचं आवतन देल्लं, अन् हा आजच जेवून बसला! म्या दवा नाई लावली, ताट वाढलं त्याले."

"त्याले नाही, त्याला," मी म्हणालो. नुकताच नागपूरच्या शाळेत जाऊ लागलो होतो.

"कुत्र्याले दोन्ही समजते," तू म्हणालीस. "तू त्याचं तोंड धर."

मग तू त्याच्या जबड्याभोवती मऊ धडपा सैलसर बांधलास. मीठ घालून उकळलेले पाणी कोमट होऊ दिलेस, त्यात पंजा बुडवून ठेवलास, बोटांच्या बेचक्यांतले पाणीसुद्धा टिपून घेतलेस. लोंबते नख मी ओढायला गेलो तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारलीस. "तुझं नख वढू का? काय वाटते पाह्यजो." त्या दिवशी वेशीत तोरणाखाली गावातल्या साऱ्या बैलजोड्या उभ्या राहिल्या, झडत्यांची गाणी म्हणून झाली, तोरण तुटले. आपल्या घरून ते पाहायला सगळे गेले. तू गेली नाहीस. न्हाणीच्या दगडावर कुत्र्याचा पंजा मांडीवर घेऊन बसून राहिलीस. धाकटीच्या गोष्टीत तू एका रात्रीत जखम बरी करणारी बाई आहेस. मला तशी बाई आठवत नाही. चुकलेली, त्यावर हसलेली आणि मग जागची न हललेली आठवते.

येथे मी प्रथम स्वच्छ कापडाने नख दाबून धरले. रक्त थांबल्यावर रिक्षाने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी जागा बधिर करून मोडलेला भाग कापला आणि विचारले, "आजोबा, घरी काही लावलं होतं का? तूप, हळद?"

"नाही."

"कमाल आहे. आमच्याकडे अर्धे पेशंट फोडणी घालूनच येतात."

तेव्हापासून नियम ठरला आहे. खाली वाकवत नाही, म्हणून मी पाटावर बसतो आणि त्याला समोर बसवतो. खारट कोमट पाणी, टिपणे, कोरडी पट्टी. ती आवळायची नाही. बाहेर जाताना पट्टीवर माझा जुना मोजा, आल्यावर तो काढायचा. गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा, तो मात्र त्याला मुळीच मान्य नाही. पट्टी सोडल्यावर मी प्रथम तिचा वास घेतो, तू घेत असस तसा. सडू लागलेली जखम दिसण्याआधी वासाला लागते. काल पाटावर बसून मी त्याला म्हणालो, "थांब गा, होऊनच राहिलं." वाक्य पुरे झाल्यावर कोण बोलले ते माझ्या लक्षात आले. दुरुस्त केले नाही.

पाडव्याला तुझा नातू आला. श्रीखंडाचे ताट तसेच ठेवून त्याने पट्टी सोडवली, पंजा उजेडाकडे वळवून पाहिला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कोरडी आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "ते पायपुसणं तेवढं फेका, बाबा." सावनेरचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

हे पत्र धाकटीला वाचून दाखवावे असे मनात होते. दाखवणार नाही. तिच्याजवळ तुझी तेवढी एकच गोष्ट आहे आणि ती सांगताना तिचा चेहरा उजळतो. तेव्हा दिवस तेवढे येथे नीट लिहून ठेवतो.

नख तुटले: पोळ्याच्या आदल्या दुपारी.

तूप लावले: त्याच संध्याकाळी, खांदे शेकून झाल्यावर.

पाय सुजला: पोळ्याला. तान्ह्या पोळ्याला कुत्रा उड्या मारीत नव्हता, बाजेखाली निजून होता.

पाय टेकला: महालक्ष्म्या उठल्या त्या दिवशी.

नवे नख पुरते आले: दिवाळीच्या सुमारास. हे मी अंदाजाने लिहिले आहे, आई. नक्की दिवस फक्त तुला माहीत होता, आणि मी तो कधी विचारला नाही.