धोट्याचं चित्र

४ मार्च १९९६
अमरावतीहून येऊन दोन दिवस झाले. पर्वत पाटिया या कापडबाजाराच्या भागात खोली मिळाली. खिडकीतून साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पो दिसतात. ऑफिसात नवा संगणक आहे. साडीची नक्षी पडद्यावरच काढायची. कडेला विणकराच्या धोट्याचं इवलंसं चित्र आहे, ते दाबलं की रंग भरतो. दुसऱ्या कंपनीनं तेच चित्र उचललं. चित्रावरचा आमचा हक्क नोंदणी कचेरीनं नाकारला, म्हणून शेठनी कलकत्त्याला अपील केलंय. कागद मी लावायचे. शेठ म्हणाले, योगेंद्र, मराठी माणूस कागदाला पक्का.

९ मार्च
चित्र धुडकूनं काढलेलं. चौकटींच्या कागदावर नक्षी काढून देणारा खानदेशी कारागीर, दिवाळीत वारला. तो नोकरीत नव्हता, म्हणजे हक्क त्याचाच, आणि अपील पडणार. शेठनी मला जुन्या तारखेचं नेमणूकपत्र दिलं. चित्र मी काढलं, असं शपथपत्र केलं. धुडकूच्या मूळ कागदाखाली सही केली. सही चांगली आली.

१४ मार्च
त्याची बायको सरलाबाई आली. शेठ बाहेर होते. दुसरं काही नको म्हणाली. "भाऊ, तू शिकेल शेस. कागदवर त्यास्नं नाव टाकी दे." मी म्हणालो, चित्र माझं आहे. ती हसली. "तुन्हं? मंग डावा हात दखाड." जिना उतरेपर्यंत हसत होती. नाव टाकायला एक ओळ पुरली असती.

२० मार्च
त्या दुसऱ्या कंपनीच्या वकिलाचं पत्र. रेघा डावखुऱ्या माणसाच्या आहेत. सही करणाऱ्यानं सुनावणीत समक्ष चित्र काढून दाखवावं. तारीख ३ एप्रिल. शेठ म्हणाले, दोन आठवडे आहेत, डावा हात बसव.

२५ मार्च
बसला. फार लवकर. मूळ कागदावर माझा ठेवून उजेडात धरला — रेघेवर रेघ. शेठ खूश. उजव्या हातात कप धरवत नाही.

२९ मार्च
दुपारी सरलाबाईकडे गेलो, सांगून टाकायला. पत्ता कुणाला विचारला नाही. तिनं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला, पाट मांडला. "इतला येळ कोठे व्हतात?" शपथपत्रात मी खोटं बोललो, एवढंच सांगायचं होतं, ते राहिलं. जेवलो. डाव्या हातानं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

१ एप्रिल
उजवा गेला. शपथपत्र मागे घेतो, असं लिहायचंय. चित्र माझं नाही, एवढंच — चार कागद फाडले. मनात एक, कागदावर —
हाई चित्र मन्हं शे
नाही. मी योगेंद्र. मी काढलं — नाही काढलं — ते
हाई चित्र मन्हं शे. ती सही खोडी टाका. मन्हं नाव