ना उभी, ना आडवी

आई, परवा शुक्रवारी दुपारी मी बिअर प्यायले, आणि ती मला आवडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुला कपाळाला आठ्या घालूनच ऐकता येईल. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली, तरी ग्लास उचलताना मी दाराकडे बघितलंच. मग स्वतःचाच राग आला आणि चांगला मोठा घोट घेतला.

इथे बहारीनला ऑफिसमधली माझी मैत्रीण वसईची, ख्रिश्चन. तिच्या घरी सणाला ग्लास भरतात आणि कुणाचं आकाश कोसळत नाही. ती म्हणाली, "अगं, सीफच्या त्या हॉटेलात आता स्वतःच बिअर बनवतात. नुसती बघायला तरी चल." मी घरून, हमद टाउनहून, टॅक्सीने गेले. प्यायची तर गाडीला हात लावायचा नाही, एवढी अक्कल तुझ्याकडूनच आली आहे. आत काचेपलीकडे डेअरीत असतात तशा स्टीलच्या टाक्या, आणि आंबलेल्या पिठाचा वास. खोटं नाही सांगत, तुझ्या आंबोळीच्या पिठाचा वास. मी मात्र टेबलांवर बाटली शोधत होते. बाटली कुठेच नव्हती. भिंतीतून सहा नळ आलेले आणि पोरगेला वेटर त्यांतून ग्लास भरतोय. मला हसूच आवरेना. मैत्रीण म्हणाली, "प्यायच्या आधीच चढली का तुला?" तिला काय सांगणार, की आमच्या गावात बाटली फक्त दोन तऱ्हेची असते, उभी नाहीतर आडवी. नळाला तू काय केलं असतंस, आई?

मामा दारूने गेला तेव्हा तू रडली नाहीस. अंगणवाडी सुटली की दारोदार फिरलीस, सह्या गोळा केल्यास आणि गावातलं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान घ्यायला लावलंस. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आदल्या आठवड्यात आपल्या स्वयंपाकघरात रोज तालीम चालते. तू खोबरेलाच्या दोन बाटल्या ताटात ठेवतेस, एक उभी, एक आडवी, आणि प्रत्येकीला कुंकवाचं बोट टेकवायला लावतेस. शेजारची काकू बिनदिक्कत उभीवर बोट ठेवते. "अगं, जिला पाडायची तिच्यावरच नको व्हय मारायला?" सगळ्या बायका पोट धरून हसतात. तू हसत नाहीस. तिच्याकडून दहा वेळा आडवीवर बोट ठेवून घेतेस.

त्याच आठवड्यात, मी अठराची असताना, माझ्या पुण्याच्या कॉलेजच्या प्रवेशाचा कागद आला होता. कागद तू वाचलास, घडी घातलीस आणि डब्याखाली सारलास. "गावात बी.कॉम. होतं. या घरात काय करायचं ते मी ठरवते." मी काही बोलायला गेले तर सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "तुला विचारलंय कुणी?" कोणी विचारलं नव्हतं, खरंच. मी बी.कॉम. केलं, अकाउंटंट झाले, इथवर आले, माझं वाईट झालं नाही. पण ते वाक्य मी समुद्र ओलांडून सोबत आणलंय. माझी मुलगी मला इंग्रजीत उलट उत्तर देते तेव्हा मी तिला ते वाक्य ऐकवत नाही. मुद्दाम. तुझं सगळं चालवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

आपण थोडक्या मतांनी हरलो. तू दारातच काकूला धरलंस. ती गळ्याची शपथ घेऊन सांगत होती, "मी आडवीवरच शिक्का मारला गं." तू म्हणालीस, "तुझ्यामुळं गेलं," आणि शेवटपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. तू गेलीस त्या दिवशी ती आली आणि आत न येता पायरीवरच बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. पण आत ये असं म्हणाले नाही.

हे मी माफी मागायला लिहीत नाहीये. बिअरची तर मुळीच नाही. मामाला दारूने मारलं, मी अर्धा ग्लास पिऊन घरी येऊन वरण-भात लावला. दोन्ही एकच, असं तू म्हणशील, तर म्हण. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. दुकानाचंही ऐक. ते माझ्या एका मताने राहिलं नाही, माझ्यासारख्या आणखीही कितीतरी जणी असतील, ज्यांना त्या पडद्यामागे जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. खलास. त्याचं ओझं मी घेत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण तू पहिली ओळ वाचूनच फाडलं असतंस. काकूचा नंबर मात्र आहे. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर मोठ्याने ओरडून सांगावं लागेल, आणि तेवढंच मला अजून जमलेलं नाही. काकू खरं बोलत होती, आई. उभीवर शिक्का मी मारला होता, आणि चुकून नाही.