दशमुळीचा ठोंब

२ डिसेंबर
नौपाड्यातून आज येऊरला राहायला आले. टेम्पोवाल्याने एकही कुंडी न फोडता सामान उतरवलं, चहा घेऊन गेला. छान वाटलं. हे वारल्यावर त्यांच्या कागदांत ही बंगली सापडली. ह्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या नाहीत: ही बंगली, आणि आमची तीन आठवड्यांची मुलगी कुठे पुरली ते. एक्केचाळीस वर्षं विचारत होते. त्या एका मौनापायी मी त्यांच्याशी कधी धड बोलले नाही.

मागे झाडांच्या दाट सावलीत दशमुळी फुललीय. दर थंडीत जुन्याच मुळांवर येणारी. उमलताना निळी, कोमेजताना तांबडी.

५ डिसेंबर
शाळेत सिस्टर बर्नडेट सांगायच्या, गर्दी झाली की ठोंब काढून दोन करावे, दोन्ही जगतात. फुलं असताना हलवू नये, हेही सांगायच्या. मला धीर नव्हता. कोपऱ्यातला लहानसा ठोंब काढला, खुरप्याने मधोमध चिरला आणि दोन्ही भाग स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावले. मुळांत चांदीचा वाळा अडकला होता. त्यातले दोन काळे मणी मीच ओवलेले.

मुलीचा वाळा पदराने पुसला. मग ह्यांच्या फोटोला वाट्टेल ते बोलले.

७ डिसेंबर
भांडी घासायला येणाऱ्या शेवंतीने सासऱ्याला, देवरामला आणलं. तो कुंपणाच्या आत आला नाही. खड्डा त्यानेच खणला होता. साहेब दर महिन्याला एकटे येत, पाणी घालत, म्हणाला. मग मला का नाही आणलं, असं विचारलं.

“आईला जागा दावीत नाय, बाय. पोर हात वलखतं, मागं येतं.”

फुलं तांबडी व्हायच्या आत तिला ठोंबासकट होती तिथे पुरा, म्हणाला. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांनी मिळालेली— ठोंबाचे दोन केलेत, हे त्याला सांगितलं नाही.

९ डिसेंबर
खिडकीखालचा वाफा रिकामा. दोन्ही ठोंब मागच्या पायरीशी. ओल्या मातीत इवले गुडघे घासल्याच्या खुणा, दोन रांगा. शेवंती येत नाही.

१० डिसेंबर
भर दुपार. ब्लाउज भिजलाय. सहासष्टाव्या वर्षी दूध—

फुलं तांबडी झाली.

११ डिसेंबर
दाराशी दोघी रडताहेत. एक आवाज माझ्या मुलीचा. दुसराही तिचाच, पण मध्ये श्वास न घेता—

कडी हातात आहे. आई ना मी, ओळखायला हवं. एकीला घेतलं तर दुसरी—

कोणती—